गोपुच्छ बाण : लक्ष्यवेधाची सामग्री व आत्मरक्षणाची सामग्री

(१)

हिंगोली जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेती करणारे आमचे एक जुने विद्यार्थी गेल्या दसऱ्यास सोनें द्यावयास आले होते. त्यांच्या घरीं शेतवस्तीच्या राखणीसाठीं परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. त्यांचा मुलगा शहरांत शिकत असून तेथील रायफल क्लबांत नेमबाजी करितो. मुलगा ज्या काडतुसांनीं नेम साधतो तीं घरच्या बंदुकीस चालत नाहींत, आणि घरचीं काडतुसें मुलाच्या कामाचीं नाहींत. तेव्हां त्यांनीं आम्हांस सहज विचारिलें, “गुरुजी, नेमाची गोळी वेगळी आणि राखणीची वेगळी, हा भेद साहेबानें आणला, कीं आपल्याकडे आधींपासून होता?” आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, हा भेद कारखान्यांच्या युगांतला; जुन्या धनुर्धराचा भाता एकच असे, त्यांतील बाणानेंच तो सराव करी व त्याच बाणानें लढे.

तें उत्तर चुकीचें होतें. पाहुणे गेल्यावर मनास रुखरुख लागली म्हणून पोथ्या काढून पाहिल्या, तों आमची चूक आमच्याच पुस्तकाच्या समासांत आढळली. शार्ङ्गधरपद्धतींतील धनुर्वेदप्रकरण आम्हीं अनेकदां वाचलें होतें. त्यांतील ‘गोपुच्छ’ या शब्दापुढें आम्हींच पूर्वीं शिसपेन्सिलीनें ‘एक युद्धबाण’ असें लिहून ठेविलें होतें. मूळ श्लोक त्याच्या अगदीं उलट सांगतो. ज्या विद्यार्थ्यानें विश्वासानें विचारिलें त्यास खोटें उत्तर देऊन पाठविलें, त्याची दुरुस्ती करणें हें या टिपणाचें पहिलें प्रयोजन होय. दुसरें प्रयोजन संग्राहकांसाठीं आहे व तें शेवटीं येईल.

(२)

सर्वांत जुना व्यवस्थित पुरावा कौटिलीय अर्थशास्त्राचा. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना १९०५ सालीं हस्तलिखितांत सांपडला व १९०९ सालीं छापून निघाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराध्यक्षाचें प्रकरण आहे. तेथें धनुष्यांचे प्रकार ताड, वेळू, लांकूड व शिंग या द्रव्यांवरून सांगितले असून, दोऱ्यांसाठीं मूर्वा, रुई, ताग, स्नायु इत्यादि द्रव्यें दिलीं आहेत. बाणांचीं अग्रें मात्र त्यांच्या कार्यावरून सांगितलीं आहेत. कांहीं कापण्यासाठीं, कांहीं भेदण्यासाठीं, कांहीं नुसतें ताडन करण्यासाठीं. आणि तीं लोखंडाचीं, हाडांचीं व लांकडाचीं असावीं, असें ग्रंथकार म्हणतो. लांकडी अग्राचा बाण हा सरावाचाच असला पाहिजे, असा निष्कर्ष येथून काढणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ताडनाचा उपयोग शिकारींतही होतो. परंतु शस्त्रागारांतील बाण एकजिनसी नव्हते व ज्या कामास जें अग्र योग्य तें निवडण्याची रीति होती, इतकें निर्विवाद ठरतें.

याच ग्रंथाच्या पांचव्या अधिकरणांत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, हत्ती, घोडे, रथ व पायदळ यांनीं संधिदिवस वगळून रोज सूर्योदयीं नगराबाहेर सराव करावा. दुसरी अशी कीं, शस्त्रें राजाची खूण उमटवून आयुधागारांत ठेवावीं, आणि मुद्रेनें अनुज्ञा मिळालेल्या मनुष्यावांचून इतरांनीं निःशस्त्र फिरावें. म्हणजे सरावाचें स्थळ, साठ्याचें स्थळ व जवळ बाळगण्याचा परवाना या तिन्ही बाबी येथें एकमेकींपासून वेगळ्या आहेत. शस्त्राचा परवाना ही इंग्रजी राज्याची कल्पना अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती या एका सूत्रानें ढिली पडते.

(३)

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. शार्ङ्गधरपद्धति हा सुभाषितसंग्रह इ. स. १३६३ चा, तो पीटर पीटर्सन यांनीं १८८८ सालीं मुंबईस छापिला. त्यांतील धनुर्वेदाचे पुष्कळसे श्लोक वासिष्ठ धनुर्वेदसंहिता या नांवानें चालणाऱ्या ग्रंथांतही आढळतात. कोणीं कोणापासून घेतले, हा प्रश्न येथें बाजूस ठेवितों.

या श्लोकांत बाणाग्रांचीं नांवें देऊन प्रत्येकाचें काम सांगितलें आहे. आरामुखानें ढाल भेदावी, क्षुरप्रानें धनुष्य तोडावें, सूचीमुखानें कवच, अर्धचंद्रानें मस्तक, भल्लानें हृदय, काकतुंडानें लोखंड. आणि लक्ष्य, म्हणजे निशाण, गोपुच्छानें वेधावें. शत्रूचें शरीर व शस्त्र यांच्यासाठीं इतकीं अग्रें सांगून झाल्यावर निशाणासाठीं स्वतंत्र अग्राचें नांव घेतलें आहे, ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोरून इतकीं वर्षें निसटली. पुढें गोपुच्छाचें वर्णनही आहे. तो शुद्ध लांकडाचा करावा व त्याच्या मुखीं तीन अंगुळें प्रमाणाचा लोखंडी कांटा असावा. इतर अग्रें लोहाराच्या भट्टींतून पाणी देऊन निघावयाचीं. हा बाण मात्र सुताराच्या हातचा व एका खिळ्याएवढ्या लोखंडाचा.

असा बाण कशासाठीं, याचें उत्तर त्याच प्रकरणांतील दुसऱ्या एका नियमानें मिळतें. सूर्योदयीं व सूर्यास्तीं जो चारशें बाण लक्ष्यावर सोडतो तो धनुर्धरांत ज्येष्ठ, तीनशें सोडणारा मध्यम, दोनशें सोडणारा कनिष्ठ. चारशें बाण सोडावयाचे म्हणजे ते पुनःपुन्हां निशाणांतून उपटून काढावयाचे. अर्धचंद्र किंवा द्विभल्ल निशाणांत रुतला तर निशाण फाटतें, बाणही बिघडतो. सरळ कांट्याचा बाण सुखानें निघतो, मोडला तर थोडक्यांत दुरुस्त होतो, आणि त्याचें वजन एकसारखें राखणें सोपें जातें. हें शेवटचें विवेचन ग्रंथांतलें नसून आमचें अनुमान आहे. परंतु चारशेंच्या संख्येशीं तें जुळतें असें आम्हांस वाटतें.

येथें एक शंका उभी राहते. हलक्या बाणानें हात बसला तर जड बाण हातीं येतांच नेम चुकणार नाहीं काय? धनुर्वेदकारांस ही अडचण ठाऊक होती. निशाणाचें अंतर सांगतांना ते साध्या शरासाठीं साठ धनुष्यें उत्तम, चाळीस मध्यम व वीस कनिष्ठ असें मान देतात. नंतर नाराचासाठीं, म्हणजे सर्वांगीं लोखंडी बाणासाठीं, वेगळें मान सांगतात : चाळीस, तीस व सोळा. धनुष्य चार हातांचें धरिलें तर शराचें उत्तम अंतर २४० हात होतें व नाराचाचें १६० हात. शिवाय नाराच एखाद्यासच साधतो, असेंही म्हटलें आहे. यावरून सरावाच्या बाणानें हात तयार करावा, पण जो जड बाण प्रसंगीं वापरावयाचा त्याचा सराव त्याच्याच अंतरानें निराळा करावा, असा दुहेरी क्रम स्पष्ट दिसतो. लक्ष्याचेही स्थिर, चल, चलाचल व द्वयचल असे चार भेद आहेत. शेवटच्या भेदांत धनुर्धर व लक्ष्य दोन्ही हलतात. प्रत्यक्ष संकटाच्या सर्वांत जवळचा भेद तोच.

याशिवाय तिसरा एक उपयोग होता, तो विनोदाचा. कल्याणीच्या चालुक्यांतील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, राजाच्या करमणुकींत शस्त्रविनोद हें एक प्रकरण आहे. आजचा हिंगोलीचा मुलूख त्या काळीं याच राज्याच्या छायेखालीं असल्यानें हा ग्रंथ आम्ही घरचाच समजतों. सभेंत कौशल्य दाखविणें, निशाण वेधणें व शत्रूस मारणें, अशीं तीन कामें बाराव्या शतकाच्या दक्षिणेंत वेगवेगळीं ओळखलीं जात होतीं.

(४)

आत्मरक्षणाचा विचार धनुर्वेदापेक्षां धर्मशास्त्रानें अधिक केला आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत युद्धाचे नियम आहेत. तेथें कूट आयुधें, कर्णी म्हणजे उलट्या कांट्यांचे बाण, विषानें माखलेले बाण व अग्नीनें पेटलेले बाण यांनीं शत्रूस मारूं नये असें सांगितलें आहे. आठव्या अध्यायांत मात्र प्रश्न निराळा आहे. धर्मास अडथळा होईल तेव्हां द्विजांनींही शस्त्र घ्यावें, आणि स्वतःच्या परित्राणार्थ, स्त्रिया व ब्राह्मण यांच्या रक्षणार्थ मारणाऱ्यास दोष नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. युद्धाचें शस्त्र व रक्षणाचें शस्त्र एकाच हातांत असलें तरी त्यांची नीति दोन ठिकाणीं लिहिली गेली.

याची अधिक बारीक चिकित्सा विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत केली. हा पंडित कल्याणीचा, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयांतला. आततायी ब्राह्मणादिकांविषयीं तो म्हणतो कीं, आत्मरक्षणार्थ, मारण्याचा हेतु न ठेवतां, त्यांचें निवारण करीत असतां ते प्रमादानें मेले तर प्रायश्चित्त लहान व राजदंड नाहीं. येथें ‘निवारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रक्षण करणाऱ्यानें येणारा थांबवावयाचा आहे. तो मेला तर ती त्या कृत्याची परिणति, उद्देश नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंतील ९६ ते १०६ या कलमांनीं व आज तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतील ३४ ते ४४ या कलमांनीं खाजगी बचावाचा जो हक्क दिला, त्यालाही आवश्यकतेहून अधिक इजा करूं नये ही मर्यादा आहे. आठशें वर्षांच्या अंतरावरील दोन विचार येथें एकमेकांस भेटतात.

(५)

बाणाकडून दारूकडे येतांना शुक्रनीतीचा आधार घेण्याचा मोह होतो. त्या ग्रंथांत नालिकास्त्राच्या चूर्णाचें प्रमाण निराळें दिलें असून, लहान नळीसाठीं शिशाची गोळी सांगितली आहे. गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० च्या सुमारास यावरून प्राचीन हिंदूंस दारू माहीत होती असें प्रतिपादिलें. परंतु हे श्लोक अगदीं अलीकडचे, बहुधा बंदुका सर्वत्र झाल्यानंतरचे, असें पुढील अभ्यासकांनीं साधार दाखविलें आहे. म्हणून प्राचीनतेच्या पुराव्यांत आम्ही तो ग्रंथ धरीत नाहीं. दारूच्या युगासाठीं आपल्याकडे त्याहून विश्वसनीय असें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र आहे. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या या लेखांत दारूखाना वस्तीपासून दूर बांधावा, भोंवतीं कुंपण घालावें, तळघरांत गच्च करून त्यावर माच घालून दारूचे बस्ते व मडकीं ठेवावीं, दर आठ-पंधरा दिवसांनीं दारू व बाण बाहेर काढून उन्ह द्यावें व मुद्रा करून पुन्हां ठेवावे, परवानगीवांचून कोणास जवळ येऊं देऊं नये, असें सांगितलें आहे. (येथील बाण म्हणजे अग्निबाण.) निशाणाची दारू व लढाईची दारू असा भेद त्यांत नाहीं.

कां नाहीं, याचें कारण बंदुकीच्या घडणींत आहे. ठासणीच्या बंदुकींत दारू, गोळी व रंजक हीं तिन्ही निरनिराळीं पडतात. शिंगांतून किती दारू ओतावयाची, एक गोळी घालावयाची कीं मूठभर छरे, हें बंदूकवाला दर बारास स्वतः ठरवितो. निशाणासाठीं दारू कमी घ्यावी, संकटासाठीं पुरी घ्यावी. एकाच शिंगांतून दोन्ही कामें होतात. धनुर्धरास भात्यांत जो भेद आधींच करून ठेवावा लागे तो बंदूकवाल्याच्या मुठींत आला. म्हणून कागदांत तो दिसत नाहीं.

काडतूस आलें आणि ही मूठ मिटली. शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आला. कागदाच्या पुडींत मोजलेली दारू व गोळी एकत्र बांधली कीं भरण्याचा वेळ वांचतो. पण मोजणारा हात शिपायाचा राहत नाहीं, कारखान्याचा होतो. जानेवारी १८१९ मध्यें हिंगोलीच्याच टापूंत, इंग्रजी कागदांत ‘नोवा’ या नांवानें येणाऱ्या गढीस निजामाच्या कवाइती पलटणींनीं वेढा घातला. आंत नौसाजी नाईक हटकर व त्याचे अरब होते. आंतील अरबाची बंदूक तोड्याची व दारूचें माप त्याच्या हातचें. बाहेरील कवाइती शिपायाची पद्धति बांधीव काडतुसाची. हीं दोन युगें त्या तटाच्या दोन बाजूंस उभीं होतीं असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच सुमारास हिंगोलीस छावणी झाली. पुढें हैदराबाद कंटिंजंट या नांवानें प्रसिद्ध झालेली ती फौज तेथें १९०३ पर्यंत होती.

(६)

काडतुसांत काय आहे हें शिपायास कळेनासें झालें, याचा परिणाम १८५७ सालीं दिसला. नव्या एनफील्ड रायफलीचें शिक्षण डमडम, अंबाला व सियालकोट येथील शाळांत द्यावयाचें होतें. चरबीची वार्ता उठली ती जानेवारींत डमडमच्या शिक्षणकेंद्रांतून, रणांगणांतून नव्हे. फेब्रुवारीच्या अखेरीस बेऱ्हामपूर येथें १९ व्या पलटणीनें टोप्या घेण्याचें नाकारिलें तें कवाइतीच्या फेरीसाठीं, गोळी नसलेल्या काडतुसांच्या प्रसंगीं. २४ एप्रिल रोजीं मेरठ येथें तिसऱ्या रिसाल्याच्या ९० निवडक स्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसें घेतलीं नाहींत; तीही सरावाचींच होतीं. ९ मे रोजीं त्यांच्या पायांत बेड्या पडल्या व १० मे रोजीं उठाव झाला. सरावाचें काडतूस क्षुल्लक वस्तु, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं या तारखा पाहाव्या. संकटांत मनुष्य हातीं येईल तें वापरितो. सरावांत तो स्वस्थ असतो, वस्तु निरखून पाहतो व तिच्याविषयीं प्रश्न विचारितो.

यानंतर काडतुसाची निर्मिति सरकारनें आपल्याच हातीं घट्ट धरिली. पुण्याजवळ खडकीस १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तो आजही चालू असून २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. परवान्याच्या बारा बोअर बंदुकींत पडणारें ‘शक्तिमान’ काडतूस तेथलेंच. शतकाच्या अखेरीस डमडमच्या कारखान्यांत अंगांत शिरतांच पसरणारी गोळी तयार झाली व १८९९ च्या हेग परिषदेंत युद्धांत तिचा उपयोग करूं नये असें जाहीर झालें. मनूच्या कर्णी बाणाचा निषेध ज्यांनीं वाचला आहे त्यांस हें जाहीरनामें ओळखीचे वाटतील. मात्र युद्धांत वर्ज्य झालेली ही गोळी कांहीं देशांत पोलिसांस व गृहरक्षणास योग्य समजतात. ती अंगांतच थांबते, पलीकडे जाऊन वाटसरास लागत नाहीं, हें त्याचें कारण. युद्धाची नीति व रक्षणाची नीति निराळ्या ठिकाणीं लिहाव्या लागतात याचें याहून स्पष्ट उदाहरण नसेल.

आमच्या देशांत हा भेद आतां कायद्यांतच आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या जागीं १९५९ चा ५४ वा अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. त्याच्या १३ व्या कलमांत परवाना कोणास द्यावा हें सांगतांना तीन कामें वेगळीं केलीं आहेत : रक्षण किंवा शिकारखेळ यांसाठीं किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक, आणि मान्य रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीसाठीं पॉइंट २२ ची रायफल किंवा हवेची रायफल. रक्षणास गुळगुळीत नळी कां, याचें कारण कलमांत नाहीं. आम्हांस वाटतें कीं, छऱ्याचा जोर थोड्या अंतरांत ओसरतो, रायफलीची गोळी फार दूर जाते; आणि खेड्यांतील कुडाच्या व पत्र्याच्या भिंतींपलीकडे शेजारी निजलेला असतो.

पॉइंट २२ ची गोळी म्हणजे आजचा गोपुच्छ. ती सुमारें ५.६ मिलिमीटर जाडीची, शिशाची, हलकी, स्वस्त. खांद्यास धक्का कमी. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत पन्नास मीटरवरून तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें याच गोळीनें. त्या निशाणांतील दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरचें, म्हणजे गोळीच्या दुपटीहूनही कमी. इतकी सूक्ष्मता एका प्रकारच्या, एका वजनाच्या गोळीच्या हजारों फैरींवांचून येत नाहीं. चारशें बाणांचा नियम आजही सुटलेला नाहीं.

(७)

विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या आठवड्यांत पत्र लिहून आधीचें उत्तर मागें घेतलें. भेद आपल्याकडे होता; भात्यांत होता, पुढें शिंगाच्या मापांत लपला, आणि काडतुसाबरोबर पुन्हां उघड झाला. त्या पत्रांत एक गोष्ट अधिक लिहिली. मुलाचा नेम हलक्या गोळीवर बसला आहे म्हणून घरची बंदूक त्याच्या हातीं तशीच सुरक्षित राहील असें समजूं नये. नाराचाचें अंतर निराळें आहे. ज्या काडतुसावर घराची भिस्त, त्याचा धक्का, पल्ला व फैलाव परवान्याच्या मर्यादेंत, योग्य जागीं, जाणत्याच्या देखरेखीखालीं एकदां तरी ठाऊक करून घ्यावा. आणि साठा अमात्यांच्या शब्दाप्रमाणें कोरडा, कुलुपांत व मुलांपासून दूर असावा.

आतां संग्राहकांस विनंती. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढ्याकडील जुन्या वाड्यांतून तलवारी, कट्यारी व नक्षीच्या बंदुका बाहेर येतात व त्यांचा आदर होतो. त्यांच्याबरोबर निघणारीं खिळा मारलेलीं लांकडी कांडें, शिशाच्या लगडी, गोळ्या ओतण्याचे सांचे, दारूचीं मापें हीं मात्र भंगारांत जातात. आणि शिलेखान्याच्या याद्यांतून ज्या ओळींत सरावाचा खर्च असेल त्या नक्कल करणारे गाळतात. आम्हींही पोथींत तेंच केलें. नांव वाचलें, काम वाचलें नाहीं. सांचा हातीं आला तर त्याच्या खळग्यांचे व्यास मोजून ठेवावे. एकाच सांच्यांत दोन मापें निघालीं तर तीं कां, हें शोधावें. कांड्याचा कांटा तीन अंगुळें भरतो कीं नाहीं तें पाहावें. दसऱ्यास पूजेच्या पाटावर जें शस्त्र मांडितात तें घराण्याच्या मानाचें असतें. त्या मानामागें जे हजारों निमूट बाण गेले त्यांची मोजदाद अजून कोणीं केलेली नाहीं. ती करणें आपल्या मंडळींच्याच हातीं आहे.